लांब पल्ल्याचं विमान किती अंतर कापतं, किती वेळ घेतं: स्वतः हिशेब करायची पद्धत

टोकियोच्या नारिता विमानतळावरून संध्याकाळी ५ वाजता सुटलेलं विमान लॉस एंजलिसला त्याच तारखेला सकाळी ९:५० ला उतरतं, असं तिकिटावर छापलेलं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते. परतीच्या तिकिटावर मात्र दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी ४:५० ला पोहोच. एका बाजूला उणे सात तास, दुसऱ्या बाजूला जवळजवळ एकोणतीस. खरा प्रवास जाताना दहा तासांच्या आत आणि येताना बारा तासांच्या आत असतो.

हा गुंता सोडवायला तीन वेगवेगळे हिशेब लागतात: जमिनीवरचं अंतर, हवेतला वेळ आणि दोन ठिकाणच्या घड्याळांमधला फरक. नवखा माणूस हे तिन्ही एकत्र करतो आणि तिथंच फसतो. म्हणून ते वेगळेच ठेवू. उदाहरण शेवटपर्यंत हेच, नारिता ते लॉस एंजलिस.

पायरी १: शहर नाही, विमानतळ पक्का करा

अंतर शहरांमधलं नव्हे, विमानतळांमधलं मोजायचं असतं. टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत. त्यातला हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता मध्यवर्ती टोकियोपासून साधारण ६० किमी दूर. लंडनला तर अर्धा डझन विमानतळ आहेत. म्हणून आधी तीन अक्षरी कोड बघा: नारिताचा एनआरटी, हानेदाचा एचएनडी, लॉस एंजलिसचा एलएएक्स. टीवायओ, एलओएन, एनवायसी हे विमानतळाचे कोड नव्हेत, सगळ्या शहराचे आहेत. तिकीट शोधताना ते चालतात, अंतर काढताना नाही.

एकाच नावाची शहरंही घोटाळा करतात. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातही आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकातही (एसजेओ). नाव सारखं असलं तरी कोड कधीच सारखा नसतो.

पायरी २: अक्षांश-रेखांश दशांशात आणा

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो. तो साधारणपणे धावपट्ट्यांच्या मध्याजवळ असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश सहज मिळतात. ते अंश-मिनिट-सेकंदांत दिले असतील तर मिनिटांना ६० नं आणि सेकंदांना ३६०० नं भागून बेरीज करा. नारिताचा अक्षांश ३५ अंश ४५ मिनिटं ५३ सेकंद, म्हणजे ३५ + ०.७५ + ०.०१४७ = ३५.७६५. घाईत ३५.४५५३ लिहिणारे बरेच असतात. या एका चुकीनं विमानतळ ३४ किमी दक्षिणेला सरकतो.

उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. आपल्या उदाहरणात:

नारिता: अक्षांश ३५.७६५, रेखांश १४०.३८६
लॉस एंजलिस: अक्षांश ३३.९४२, रेखांश −११८.४०८

दशांशानंतर दोन आकडे पुरतात, कारण ०.०१ अंश म्हणजे उत्तर-दक्षिण जेमतेम १.१ किमी. चिन्ह मात्र चुकवू नका. लॉस एंजलिसच्या रेखांशाचं ऋणचिन्ह विसरलात तर तुमचं विमान पूर्व चीनमध्ये उतरेल आणि अंतर येईल अवघं २,०१० किमी. उत्तर अगदी निराळं आलं की सूत्रात चूक शोधत बसण्याआधी चिन्हं तपासा.

पायरी ३: गोलावरचं अंतर काढा

सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेघ म्हणजे जवळचा रस्ता नव्हे. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधला सगळ्यात छोटा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून काप घेतला तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल त्यावरून. नारिता आणि लॉस एंजलिस जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे नकाशावर विमानानं सरळ पूर्वेला जावं असं वाटतं. छोटा मार्ग प्रत्यक्षात सुरुवातीला ईशान्येकडे, उत्तरेपासून ५६ अंशांवर निघतो, मध्यावर ४७.७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि मग खाली वळतो.

आकडेमोड करण्याआधी एकदा दोऱ्यानं मोजून बघाच. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किमी. दोन्ही टोकांवर दोरा ताणून धरा, तो आपोआप बृहद्वृत्तावर बसतो. इथं तो २०.५ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. सूत्रात कुठं मोठी चूक झाली असेल तर या दोऱ्यापुढं ती लगेच उघडी पडते.

आता सूत्र. दोन विमानतळ पृथ्वीच्या केंद्राशी जो कोन करतात तो आधी काढायचा:

कोसाइन (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कोसाइन (पहिला अक्षांश) × कोसाइन (दुसरा अक्षांश) × कोसाइन (रेखांशांतला फरक)

रेखांशांतला फरक १४०.३८६ − (−११८.४०८) = २५८.७९४. हा १८० च्या वर गेला, म्हणजे आपण पृथ्वीला लांबच्या बाजूनं वळसा घातला. ३६० मधून वजा केल्यावर १०१.२०६ उरतात. (सूत्राला यानं फरक पडत नाही, दोन्ही कोनांचा कोसाइन सारखाच येतो. हातानं अंदाज करणाऱ्याला मात्र पडतो.)

साइनचा गुणाकार: ०.५८४५ × ०.५५८४ = ०.३२६३
कोसाइनचा गुणाकार: ०.८११४ × ०.८२९६ = ०.६७३२
त्याला कोसाइन १०१.२०६, म्हणजे −०.१९४३ नं गुणलं: −०.१३०८
बेरीज: ०.१९५५

ज्याचा कोसाइन ०.१९५५ आहे तो कोन ७८.७२५ अंश. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणून ७८.७२५ × ६० = ४,७२३ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, म्हणून हे सुमारे ८,७४७ किमी. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर उत्तर ८,७५४ किमी येतं.

एकाच दिशेनं, म्हणजे होकायंत्राचा कोन न बदलता गेलं असतं तर हेच अंतर ९,२३० किमी झालं असतं. सपाट नकाशावरची सरळ रेघ इथं साधारण ४७५ किमीला, म्हणजे अर्ध्या तासाच्या उड्डाणाला महाग पडते.

स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर एक सापळा ओळखून ठेवा: तिथली साइन-कोसाइनची फंक्शनं अंश नव्हे तर रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) मागतात. तपासायला कुठल्याही घरात ६० चा साइन काढा. ०.८६६ आला तर अंश चालतात, −०.३०५ आला तर आधी अंशांचे रेडियन करायला हवेत. शेवटचा कोनही रेडियनमध्येच येईल, त्याला सरळ ६,३७१ नं गुणा की किलोमीटर तयार.

विमानांची अंतरं दाखवणारी साधनं याच जोडीला ८,७७० किमीच्या आसपास आकडा देतात. त्यात तुमची चूक नाही. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किमी आहे आणि ध्रुवापाशी ६,३५७. अचूक साधनं हा चपटेपणा धरतात. गोल धरून केलेल्या हिशेबात फार तर अर्ध्या टक्क्याची तफावत पडते. प्रवासाच्या नियोजनासाठी त्यामागं लागण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या पायरीत याच्या दहापट गोंधळ वारा घालणार आहे.

एककांची तफावत मात्र मोठी असते. काही ठिकाणी अंतर साध्या मैलांत (१.६०९ किमी) असतं, काही ठिकाणी सागरी मैलांत. एकाच्या जागी दुसरं धरलं तर १५ टक्क्यांची चूक, म्हणजे या प्रवासात तासाभराहून जास्त.

पायरी ४: विमान खरंच याच रेघेवरून जातं का?

क्वचितच. बृहद्वृत्ताचं अंतर म्हणजे किमान अंतर, त्याहून कमी होणं शक्य नाही. प्रत्यक्ष मार्ग एरवी २ ते ५ टक्के लांब असतो आणि कारण असेल तर बराच जास्त. कारणं बहुतेक वेळा या चारांपैकी एक असतात.

पहिलं, बंद आकाश. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका अशा अनेक देशांच्या विमान कंपन्यांना बंद आहे. हेलसिंकी–टोकियो हे त्यातलं ठळक उदाहरण. फिनलंडच्या फिनएअरचं जे उड्डाण पूर्वी साडेनऊ तासांत होई त्याला त्यानंतर सुमारे तेरा तास लागू लागले, आणि एक मार्ग तर थेट उत्तर ध्रुवावरून आखावा लागला. विमानतळांमधलं अंतर एका मीटरनंही बदललं नव्हतं. म्हणून अंतराच्या आकड्यावरून वेळ सांगण्याआधी, उडवणारी कंपनी कोणत्या देशाची आहे ते विचारायला शिका. एकाच जोडीवर दोन कंपन्यांच्या वेळांत दोन-तीन तासांचा फरक दिसला तर बहुधा कारण हेच असतं.

दुसरं, दोन इंजिनांची मर्यादा. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत एखाद्या विमानतळाला पोहोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. ही मिनिटं विमानाच्या प्रकाराप्रमाणं आणि कंपनीला मिळालेल्या मंजुरीप्रमाणं बदलतात. १८० मिनिटं सर्रास असतात, काहींना ३३० किंवा त्याहून जास्त मिळालेली आहेत. उत्तर गोलार्धात हे फारसं जाणवत नाही. सिडनी–सँतियागोचं बृहद्वृत्त मात्र ६२ अंश दक्षिणेच्या जवळ जातं, आणि तिथं उतरायला जागा शोधून सापडत नाही.

तिसरं, उंच जमीन. केबिनमधला दाब गेला तर विमानाला पटकन १०,००० फुटांच्या, म्हणजे साधारण ३ किमीच्या आसपास उतरावं लागतं. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटरच्या वर आहे. त्यामुळे नकाशावर सरळ दिसणारे बरेच मार्ग त्याला वळसा घालतात.

चौथं कारण वारा. तो मार्गही बदलतो आणि वेळही, म्हणून त्याला पुढची पायरी पूर्ण दिली आहे.

पायरी ५: अंतराचा वेळ करा

आधी झटपट सूत्र. किलोमीटर भागिले ८५०, अधिक अर्धा तास. हा दोन्ही दिशांच्या सरासरीचा अंदाज आहे, गेटपासून गेटपर्यंतचा. आपल्या जोडीसाठी ८,७७० ÷ ८५० = १०.३, अधिक ०.५ = १०.८ तास. न्यूयॉर्क जेएफके–सिंगापूर सुमारे १५,३५० किमी आहे. सूत्र साडेअठरा तास देतं आणि वेळापत्रकं पावणेएकोणीसच्या आसपास. पर्थ–लंडन १४,५०० किमी, सूत्रानं साडेसतरा आणि वेळापत्रकातही तेवढेच. चार हजार किलोमीटरच्या खाली हे सूत्र वापरू नका, तिथं जमिनीवरचा वेळ जड होतो.

दिशेप्रमाणं वेळ हवा असेल तर थोडं जास्त काम आहे.

मोठी लांब पल्ल्याची विमानं (बोइंग ७७७, ७८७, एअरबस ए३५०) ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगानं उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथं ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किमी, म्हणून विमानाचा वेग साधारण ९०० किमी. लहान विमानं (ए३२०, ७३७) ०.७८ पटीनं, म्हणजे ८३० च्या आसपास. हा वेग हवेच्या तुलनेतला आहे. जमिनीच्या हिशेबात त्यात पाठचा वारा मिळवायचा आणि समोरचा वजा करायचा.

दोन्ही गोलार्धांत मध्य अक्षांशांवर, ९ ते १२ किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात तो जोर धरतो आणि ताशी २०० किमी ओलांडणं त्याला नवं नाही. संपूर्ण प्रवासाच्या सरासरीत मात्र एवढा धरायचा नाही, कारण विमान सगळा वेळ त्याच्या पोटात नसतं. उत्तर पॅसिफिकवर हिवाळ्यात पूर्वेला जाताना सरासरी १०० किमीची मदत, पश्चिमेला येताना ८० किमीचा अडथळा धरला तर अंदाज बरा जमतो. येताना अडथळा कमी धरायचं कारण असं की मार्ग आखणारे विमानाला मुद्दाम प्रवाहाच्या बाहेरून नेतात, त्यासाठी काही अंतर जास्त कापावं लागलं तरी. उन्हाळ्यात हे दोन्ही आकडे निम्म्यावर आणा.

यात आणखी दोन भर घालायच्या. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्यापायी सुमारे २० मिनिटं जातात. गेट सोडल्यापासून धावपट्टी गाठेपर्यंत आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत मिळून अर्धा तास धरा. गजबजलेल्या विमानतळावर सकाळच्या गर्दीत नुसतं निघतानाच तेवढं लागू शकतं.

जाताना, हिवाळ्यात: मार्ग २ टक्के लांब धरून ८,९५० किमी. ८,९५० ÷ १,००० = ८ तास ५७ मिनिटं. अधिक २० आणि ३० मिनिटं. साधारण ९ तास ५० मिनिटं.

येताना: मार्ग ९,००० किमी. ९,००० ÷ ८२० = १० तास ५९ मिनिटं. अधिक ५० मिनिटं. साधारण ११ तास ५० मिनिटं.

जाता-येता वाऱ्याची फिटंफाट होते, असं बऱ्याच जणांना वाटतं. होत नाही. ९,००० किमीला वारा नसता तर जाऊन-येऊन २० तास लागले असते. १०० किमीच्या वाऱ्यात ९ तास आणि ११ तास १५ मिनिटं, मिळून सव्वावीस. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून त्याचा तोटा फायद्याहून मोठाच राहतो.

वारा अंतरावर कशी मात करतो याचं चांगलं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाचं हे उड्डाण आधी अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किमी जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात झाली. अंतर वाढून १५,३०० किमी झालं, वेळ मात्र कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. फेब्रुवारी २०२० मध्ये तर न्यूयॉर्कहून लंडनला एक बोइंग ७४७ चार तास ५६ मिनिटांत पोहोचलं, जिथं एरवी वेळापत्रकात सात तास दिलेले असतात. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, तरी त्यानं ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं चाललं होतं, पळत होती ती हवा.

अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज घेऊन दिवसातून दोनदा नवे हवाई मार्ग आखले जातात, पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी एक संच आणि पूर्वेला जाणाऱ्यांसाठी दुसरा. त्यामुळे एकाच उड्डाणाची लागोपाठच्या दोन दिवसांची वेळ अर्ध्या तासानं वेगळी दिसली तर नवल नाही.

पायरी ६: घड्याळं यूटीसीवर आणा

सर्वात जास्त चुका इथं होतात आणि त्या टाळायचा मार्ग एकच आहे. दोन शहरांच्या वेळांची थेट वजाबाकी करायची नाही. दोन्ही वेळा आधी यूटीसीत (सगळे देश आपली घड्याळं जिच्या पुढं-मागं लावतात त्या जागतिक प्रमाणवेळेत) न्यायच्या, मग हिशेब.

स्थानिक वेळेतून फरक वजा केला की यूटीसी मिळतं. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढं, लॉस एंजलिस हिवाळ्यात ८ तास मागं (−८). नारिता, संध्याकाळी १७:०० वजा ९ = ०८:०० यूटीसी. त्यात ९:५० मिळवले = १७:५० यूटीसी. लॉस एंजलिसला नेण्यासाठी ८ वजा = ०९:५०, त्याच तारखेला.

उलट: लॉस एंजलिस १२:००, त्यातून −८ वजा करायचे म्हणजे ८ मिळवायचे = २०:०० यूटीसी. अधिक ११:५० = ३१:५०, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे ०७:५० यूटीसी. अधिक ९ = १६:५०, दुसरा दिवस. सुरुवातीला तिकिटावर दिसलेलं कोडं इथं सुटतं.

तिकिटावरून उलट हिशेब करायचा असेल तरी तसंच: दोन्ही यूटीसीत न्या, पोहोचण्यातून निघणं वजा करा. पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ किंवा +२ असतं, ते वाचल्याशिवाय हॉटेल ठरवू नका. आंतरराष्ट्रीय वाररेषा पश्चिमेकडे ओलांडली की तारीख एकानं पुढं जाते, पूर्वेकडे ओलांडली की मागं येते. यूटीसी वापरत असाल तर वाररेषेचा वेगळा विचारच करावा लागत नाही, तारीख आपोआप बरोबर येते. होनोलुलू (−१०) आणि किरिबातीचं किरितिमाती बेट (+१४) यांची घड्याळं सदैव सारखीच वेळ दाखवतात, फक्त तारीख एका दिवसानं वेगळी असते. कोऱ्या वहीत हे एकदा मांडून बघितलं की वाररेषेची भीती जाते.

दर १५ अंश रेखांशाला एक तास, हे शाळेत शिकलेलं सूत्र इथं वापरू नका. ते सूर्याच्या वेळेला लागू आहे, सरकारी वेळेला नाही. भारत +५:३०, नेपाळ +५:४५, न्यूझीलंडची चॅटम बेटं +१२:४५. सगळा चीन एकाच वेळेवर चालतो.

आणि मग उन्हाळी वेळ. जपान, सिंगापूर, भारत, चीन घड्याळ बदलत नाहीत. अमेरिकेच्या बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं येतं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दोन्हींच्या तारखा जुळत नसल्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. दक्षिण गोलार्धात सगळं उलट: सिडनीत ऑक्टोबर ते एप्रिल घड्याळ पुढं असतं, शेजारच्या ब्रिस्बेनमध्ये कधीच नसतं. नियम प्रवासाच्या तारखेचा लावायचा, तिकीट काढल्या दिवसाचा नाही. निघणं आणि पोहोचणं यांच्या मध्येच घड्याळ बदलत असेल तर उतरण्याच्या तारखेला तिथं काय लागू आहे ते बघा.

पायरी ७: थांबा घेऊन जायचं असेल तर

पृथ्वीवर दोन ठिकाणं एकमेकांपासून फार तर २०,००० किमीच्या थोडी वर असू शकतात. ठरलेल्या वेळापत्रकावर चालणारी सर्वांत लांब सलग उड्डाणं मात्र न्यूयॉर्क–सिंगापूर जोडीवर १५,३०० किमीच्या आसपास आहेत. २०१९ मध्ये क्वांटासनं लंडन–सिडनी प्रायोगिक उड्डाण न थांबता केलं, १९ तास १९ मिनिटांत, पण विमान जवळजवळ रिकामं ठेवून. तेव्हा १५,००० किमीच्या वर अंतर आलं की न्यूयॉर्क–सिंगापूरसारखा अपवाद सोडला तर थांबा गृहीतच धरा.

थांबा कुठं घ्यावा हे बेरजेतून कळतं. लंडन–सिडनी थेट अंतर सुमारे १७,०२० किमी. सिंगापूरमार्गे दोन टप्प्यांची बेरीज १७,१८० च्या आसपास, म्हणजे एकच टक्का जास्त. दुबईमार्गे १७,५४०, तीन टक्के. लॉस एंजलिसमार्गे २०,८०० च्या वर, २२ टक्के. पाच टक्क्यांपर्यंतचा वळसा हा वळसाच नव्हे, तिथं फक्त थांब्याचा वेळ बघा. पंधराच्या वर गेला तर स्वस्त तिकिटाची भरपाई तुम्ही तासांत करता आहात.

एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर विमानतळानं ठरवलेला किमान बदलीवेळ कंपनीनं आधीच पाळलेला असतो. तो ‘किमान’ असतो हे विसरू नका. पहिलं विमान ४० मिनिटं उशिरा आलं की त्याचा काही उपयोग राहत नाही. दोन तास निवांत, तीन असतील तर उत्तम. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घेणं, इमिग्रेशन, पुन्हा चेक-इन असं सगळं आलं, आणि पुढचं विमान चुकलं तर जबाबदारी तुमची. तिथं चार-पाच तासांखाली जाऊ नये. अमेरिकेतून पुढं दुसऱ्या देशात जायचं असलं तरी इमिग्रेशन पहिल्याच विमानतळावर होतं, हेही त्यात धरा.

शब्दांचाही एक सापळा आहे. ‘नॉन-स्टॉप’ म्हणजे मध्ये न उतरणारं. ‘डायरेक्ट’ म्हणजे फक्त उड्डाण क्रमांक न बदलणारं, ते वाटेत तासभर थांबू शकतं.

आकडा जुळतोय का ते तपासा

काढलेलं बृहद्वृत्तीय अंतर तिकिटावरच्या (यूटीसीत काढलेल्या) वेळेनं भागा. लांब पल्ल्याच्या सलग उड्डाणात उत्तर ताशी ७३० ते ९०० किमीच्या मध्ये यायला हवं. आपल्या जोडीचं जाताना ८९०, येताना ७४०. ६५० च्या खाली आलं तर वाटेत थांबा आहे, मोठा वळसा आहे किंवा उन्हाळी वेळेचा एक तास चुकलाय. वेळ आणि म्हणून उत्तर ऋण आलं तर तारखेचा +१ सुटलाय का ते बघा.

वेळापत्रकातल्या वेळेत कंपन्या थोडी उशिराची सोय आधीच धरून ठेवतात, म्हणून बऱ्याचदा विमान १५–२० मिनिटं लवकर येतं. ही वेळ ऋतूप्रमाणं बदलते. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं. जुलैत बघितलेला कालावधी जानेवारीत तसाच असेल असं समजू नका. एखादं उड्डाण प्रत्यक्ष किती वेळ घेतं हे जाणायचं असेल तर विमानांचा मागोवा ठेवणाऱ्या साधनांत त्या क्रमांकाची मागच्या दहा-पंधरा दिवसांची नोंद उघडा, त्यातल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ अशा दोन फेऱ्या सोडून द्या, आणि उरलेल्यांची सरासरी घ्या. तिथं बहुधा हवेतला वेळ दिलेला असतो, त्यात जमिनीवरचा अर्धा तास मिळवायला विसरू नका.

लवकर पोहोचणंही नेहमी फायद्याचं नसतं. सिडनीत रात्री ११ ते पहाटे ६ विमानं उतरण्या-उडण्यावर निर्बंध आहेत. पाठच्या वाऱ्यानं विमान पावणेसहाला पोहोचलं तरी ते आकाशात घिरट्या घालतं, किंवा शहाणा वैमानिक समुद्रावरच वेग कमी करून तो वेळ काढतो.